तिसऱ्या मजल्यावरचा चेंडू

थिएटर बंद पडलं होतं, पण त्याच्या तिकीट खिडकीवर अजून रांग लागायची. लोक आता तिथे आपल्या माणसांचे पत्ते सांगायला यायचे. आघाडीजवळच्या गावांत कुणाची आई अडकली होती, कुणाचे सासरे हट्टाला पेटून घर सोडत नव्हते. खिडकीच्या आत, मोडलेला पाय स्टुलावर लांब करून, लाँड्रीवालीचा नवरा बसलेला असायचा. त्याच्यासमोर फोन असायचा. पत्ता मिळाला की तो बायकोला हाक मारायचा.

तिला सगळे लाँड्रीवालीच म्हणत. लढाईआधी नवराबायकोची लाँड्री होती आणि हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी पोचवायला एक उंच गाडी. कपडे टांगायच्या लोखंडी दांड्या गाडीत अजून तशाच होत्या. गाडी खड्ड्यांतून पळायला लागली की सुटका करून आणलेली माणसं त्या दांड्यांना लटकून उभी राहत. गाडीत पुढे तिच्या शेजारी तिचा धाकटा दीर बसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आता वीजच नव्हती, तर लिफ्ट कुठली? "आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं," तो म्हणायचा, "आता आडवं नेतोय."

त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. धुकं म्हणजे त्यांची छत्री. वरून कुणाला काही दिसत नाही, त्यामुळे असेच दिवस ते नदीपलीकडे जायला निवडायचे.

"एका बाईचा फोन होता," नवरा म्हणाला. "ती आणि तिचा आंधळा भाऊ. पत्ता व्यवस्थित सांगितला. पण माणसं किती विचारलं तर गप्प झाली."

"गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प. मग म्हणाली, दोघंच आहोत, असं वाटतं. घरात माणसं किती हे 'वाटतं' म्हणून कुणी सांगतं का?"

"बिचारी गोंधळली असेल," दीर म्हणाला.

नवऱ्याने मान हलवली. "घाबरली होती. आणि तोफांना नाही. तोफांना घाबरलेला आवाज मला आता ओळखू येतो. हा वेगळा होता." मग तो बायकोकडे बघून म्हणाला, "जपून जा."

"तुम्ही पाय खाली सोडू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि गाडीकडे गेली.

*

नदीवरचा मोठा पूल मधोमध तुटला होता. तुटलेल्या टोकाशी जळलेल्या बसचा सांगाडा अजून तसाच उभा होता. लढाईच्या सुरुवातीला लोकांना घेऊन निघालेल्या बसांपैकी ती एक. खालच्या तात्पुरत्या पुलावरून जाताना दोघंही वर बघायचं टाळायचे. आजही टाळलं.

दुपार झाली तरी धुकं हटलं नव्हतं. गावात शिरल्यावर तिने काच खाली केली. अशा ठिकाणी डोळ्यांआधी कानांना कळतं. दुकानांची शटर आत दबली होती. एका बंद दारासमोर कुत्रा बसला होता, जणू आत्ता कुणीतरी दार उघडणार आहे. गाडी जवळून गेली तरी तो भुंकला नाही, मानही वळवली नाही. गावात गाडीच्या आवाजाखेरीज काहीच नव्हतं, आणि तो आवाजही धुकं गिळून टाकत होतं.

मग ते त्या रस्त्याला वळले आणि दिराने तिच्या दंडाला हात लावला.

इमारत चार मजल्यांची होती. तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. कुठेतरी रेडिओवर बाई बोलत होती. दुसऱ्या एका खिडकीतून वेगळाच रेडिओ गाणं लावून बसला होता. आतून नळाचं पाणी बादलीत पडल्यासारखा आवाज येत होता.

"घ्या," दीर म्हणाला. "म्हणे दोघंच. इथे तर घरंच्या घरं भरलीत. एवढ्यांना काय एकावर एक रचायचं?"

तिलाही बरं वाटलं. सगळी ओसाड गावं पाहून झाल्यावर कपडे वाळताना दिसणं म्हणजे काय असतं, ते तिलाच ठाऊक. ती जिना चढली, पहिल्या मजल्यावरच्या दारावर टकटक केली. आतून रेडिओवरच्या बाईचा आवाज आला. दुसरं कुणी बोललं नाही. तिने पुन्हा टकटक केली, मग दार ढकललं. दार उघडंच होतं.

आत टेबलावर कप होता, त्यात चहा, चहावर साय धरलेली. दाराशी चपला ओळीने लावलेल्या. खुर्चीच्या पाठीवर पुरुषाचा स्वेटर. रेडिओ खिडकीत ठेवला होता, तोंड जिन्याकडे करून.

"कुणी आहे का?" ती म्हणाली. "आम्ही मदतीच्या गाडीवाले. न्यायला आलोय."

दीर आतल्या खोल्या बघून आला. "कुणी नाही. गाद्या गुंडाळून ठेवल्यात."

ती गॅलरीत गेली. दोरीवर शर्ट होते, फ्रॉक होते, एक मोठा टॉवेल होता. सवयीने तिने एका शर्टाची कॉलर उलटी केली. आयुष्यभर लोकांच्या कॉलरी बघितल्या होत्या तिने. कॉलर कोरी होती, पण कापड विटलं होतं, आणि तेही एकाच बाजूने, जी बाजू रस्त्याकडे होती तिकडून. चिमट्यांचा गंज खांद्यांवर एकाच जागी पुन्हा पुन्हा उमटला होता. तिने शर्ट नाकाशी नेला. त्याला कुणाचाच वास नव्हता.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे कपडे धुतात, वाळवतात, काढतात आणि परत वाळत घालतात. मधे कुणी अंगात घालत नाही."

 थट्टा करायला दिराने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

समोरच्या घरातही तेच. तिथे गाणं चालू होतं, आणि मोरीत पिंपाच्या किंचित उघड्या ठेवलेल्या तोटीतून बादलीत पाणी ठिबकत होतं. बादली भरत आली होती, पण अजून वाहिली नव्हती. म्हणजे कुणीतरी थोड्याच वेळापूर्वी इथे येऊन गेलं होतं.

ते जिन्यात परतले तेव्हा वरच्या वळणावर एक बाई उभी होती. पासष्टीची असेल, अंगात कोट, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि भराभर खाली आली.

"मीच फोन केला होता," ती कुजबुजली. "आवाज नका करू. दादाला कळता कामा नये."

"काय कळता कामा नये?"

"की इथे कुणी नाही."

*

तिने सांगितलं ते असं. ती शिवणकाम करायची. भाऊ जन्मापासून आंधळा, दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं आणि दोघं लहानपणापासून याच इमारतीत राहत होती. लढाई जवळ आली तशी बिऱ्हाडं एकेक करून गेली. जाताना सगळ्यांनी किल्ल्या तिच्याकडे ठेवल्या. भाऊ मात्र जायला तयार नव्हता. इथले जिने, इथली वळणं त्याला हाताच्या रेषांसारखी पाठ होती. बाहेर तो खरोखरच आंधळा झाला असता.

"इमारत रिकामी झाली त्या दिवशी तो जेवला नाही," ती म्हणाली. "म्हणाला, किती शांत आहे गं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंथरुणाला खिळल्यासारखा पडून राहिला. तेव्हा मी पहिल्या मजल्यावर जाऊन रेडिओ लावला. म्हटलं, खालची मंडळी परत आली बघ. तो उठून बसला, एखाद्या मावशीने विचारावं तसं विचारायला लागला, कोण आलं, कसे आहेत. मग सुटकाच नव्हती. एक खोटं सांगितलं की त्याच्यामागे खोट्यांचं अख्खं गणगोत जोडावं लागतं."

"आणि चपलांची रांग, चहाचे कप? ते तर त्याला दिसत नाहीत," दीर म्हणाला.

बाईने मान खाली घातली. "ते माझ्यासाठी."

लाँड्रीवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चला मावशी, सामान कुठंय? धुकं आहे तोवर निघू."

दुसऱ्या मजल्यावरच्या घरात भाऊ कोट-टोपी घालून खुर्चीत बसला होता. हात काठीवर, चेहरा दाराकडे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा तो अवघडून बसला होता.

"पायऱ्या तुम्ही जपून चढलात," तो म्हणाला. "गाडी डिझेलची दिसते. बसा."

"बसायला वेळ नाही काका," लाँड्रीवाली म्हणाली. "निघायचंय."

"बाकीचे?"

बहीण घाईने म्हणाली, "सगळेच निघालेत रे दादा. दुसऱ्या गाडीने."

"असं," तो म्हणाला. "बरं झालं."

आणि तेव्हा वरच्या मजल्यावर चेंडू पडला.

टप्. मग थोड्या वेळाने टप्. मग टप् टप्, आणि फरशीवरून घरंगळत गेल्याचा आवाज.

लाँड्रीवालीला आधी काहीच वाटलं नाही. इथले आवाज कसे होतात ते आता तिला माहीत होतं. मग तिच्या ध्यानात आलं की आवाज करणारी बाई तिच्या शेजारीच उभी आहे. तिने तिच्याकडे पाहिलं. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी पाणी घेते बाटलीत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. लाँड्रीवाली मागोमाग गेली, दार लोटलं.

"वर कोण आहे, मावशी?"

"म्हणूनच मी फोन केला," बाई म्हणाली. तिने ओट्याला घट्ट धरलं होतं. "वर तिसऱ्यावर एक कुटुंब होतं. नवरा लढाईवर, घरात त्याची बायको, तिला आम्ही सूनबाईच म्हणायचो, आणि तिचा लहान मुलगा. चष्मा लावून सगळ्यांना प्रश्न विचारायचा, म्हणून इमारतीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दुपारभर चेंडू खेळायचा. दादाने त्याच्या किती तक्रारी केल्या असतील. ती दोघं पहिल्याच बसने गेली. चेंडू घरीच राहिला. मग मी रोज दुपारी वर जाऊन तो चेंडू थोडा वेळ टाकायची, दादासाठी."

"मग?"

"मग काही दिवसांनी बिस्किटं कमी व्हायला लागली. एका घरातली, दुसऱ्या घरातली. म्हटलं, मीच खाल्ली असतील, लक्षात राहिलं नसेल. मग एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या दोरीवर मास्तरचा छोटा शर्ट ओला होता. मी धुतला नव्हता." ती थांबली. "आणि परवा मी वर चेंडू टाकत होते. दार आतून लावलेलं. सहज दाराकडे बघितलं तर खालच्या फटीत दोन पायांची सावली. कुणीतरी बाहेर उभं होतं. टकटक नाही, हाक नाही. नुसतं उभं."

"तुम्ही काय केलंत?"

"चेंडू टाकत राहिले. थांबवायची हिंमतच झाली नाही. वाटलं, थांबले तर ते आत येईल. हात दुखून आला तरी टाकत राहिले. मग केव्हातरी बघितलं तर सावली नव्हती." तिने वर छताकडे पाहिलं. "मला वेड लागलंय का, एवढंच सांगा. वेड असेल तर दादाला माझ्यासोबत ठेवू नका."

वर पुन्हा चेंडू पडला.

"वेड नाही लागलं," लाँड्रीवाली म्हणाली. "मलाही ऐकू येतंय."

*

दिराने खिशातून मोठा पाना काढून हातात घेतला. तिघं जिना चढले. जिन्यात धुकं शिरलं होतं, भिंती ओल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला किल्ली बाहेरून तशीच लटकत होती. सामान बांधायच्या गडबडीत बहीण ती सकाळी कुलपातच विसरली होती. दार उघडं होतं.

आत खोलीच्या मधोमध फरशीवर एक बाई बसली होती. तरुण होती, पण केस धुळीने पांढरट झाले होते. पाय अनवाणी. समोरच्या भिंतीकडे बघत ती चेंडू हातात घेऊन सोडत होती, उसळून आला की पुन्हा धरत होती, नाही सापडला तर घरंगळू देत होती आणि रांगत जाऊन आणत होती. दारात माणसं आली तरी तिने पाहिलं नाही.

"सूनबाई," बहीण म्हणाली.  "अगं, तू? कधी आलीस? मास्तर कुठाय?"

"आज आला नाही," ती म्हणाली. "रोज या वेळेला खेळतो. आज आवाज नाही आला. म्हणून मीच टाकून बघतेय. ऐकून येईल."

 दिराने पाना मागे लपवला.

लाँड्रीवाली तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तू वर राहतेस का? चौथ्यावर?"

"हो. तिथे छत पडलंय, पण एक खोली नीट आहे. मला या घरात यायचं नव्हतं. पण खालून चेंडू ऐकू आला." ती शांतपणे बोलत होती, शेजारणीला निरोप सांगावा तशी. "मी वेडी नाही. पुलावर बस जळाली ते मला माहीत आहे. माझ्या हातांनी मी त्याला मातीत ठेवलं. तिथून चालत आले. आले तर तो खाली खेळत होता. एकदा मी दाराबाहेर येऊन उभी राहिले. दार उघडलं नाही. उघडलं असतं तर तो थांबला असता."

बहिणीने तोंडावर हात दाबून धरला.

दूरवर काहीतरी कोसळल्यासारखा दणका झाला. मग जरा जवळ दुसरा. खिडकीची उरलीसुरली काच थरथरली.

"वहिनी," दीर म्हणाला, "धुकं वर उचलतंय. निघायला हवं."

"चल गं," लाँड्रीवाली तिला म्हणाली. "आमच्याबरोबर चल."

"तुम्ही जा. तो येईल ना."

दिराने लाँड्रीवालीला दाराशी ओढलं. "उचलून नेतो मी."

"जिन्यात झटापट झाली तर दोघंही पडाल. आणि गाडीतून उडी मारली तर?"

बहीण त्यांच्याजवळ आली. तिने डोळे पुसले होते. ती इतक्या हळू बोलली की त्यांना वाकावं लागलं. "मी चेंडू घेऊन जिन्यात जाते. एकेका पायरीवर टाकत जाते, तो टाकायचा तसा. ती आवाजामागे येईल. थेट गाडीपर्यंत."

 जमेल असं लाँड्रीवालीला वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. दुसरा उपायही सुचत नव्हता. तिने मान हलवली. बहीण आत गेली, सुनेच्या हातून निसटलेला चेंडू उचलला आणि दाराबाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर सोडला.

टप्.

आत सून झटकन उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून लाँड्रीवालीने मान फिरवली.

टप्.

"बस कर," खालून आवाज आला. "बस कर आता."

भाऊ जिना चढून येत होता. एक हात कठड्यावर, काठी काखेत. तो बहिणीपाशी पोचला, हात पुढे केला आणि अंदाजाने तिच्या हातातला चेंडू काढून घेतला.

"माझ्यासाठी केलंस तोवर मी बोललो नाही," तो म्हणाला. "हे नको करू."

"दादा, तुला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. मास्तर तीन टप्पे जमिनीवर द्यायचा आणि मग भिंतीवर जोरात. आमच्या डोक्यावर हातोडा पडावा तसा. तुझा खांदा दुखतो, तू भिंतीवर मारत नाहीस. आणि खालच्या घरातला माणूस पस्तीस वर्षं खोकतोय, तो रेडिओ ऐकताना एकदाही खोकला नाही."

"म्हणजे मी एवढे जिने उगाच चढले?" बहीण म्हणाली. रडावं की भांडावं हे तिला कळत नव्हतं.

"उगाच नाही. मी त्या वेळेची वाट बघायचो."

तो दारात गेला. सुनेच्या दिशेने चेहरा केला आणि चौकटीला टेकून हळूहळू खाली बसला. म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर बसायला लागतो तेवढा वेळ लागला, आणि सगळे थांबून राहिले.

"सूनबाई, चेंडू ही टाकायची," तो म्हणाला. "माझी बहीण. रोज दुपारी. मास्तर नव्हता."

सून हलली नाही.

"तुझी पावलंही मला ऐकू यायची. वरून खाली, खालून वर. मला वाटलं तीही हिचीच. म्हटलं, ही बाई दमत कशी नाही. मी एकदा जरी विचारलं असतं, की संध्याकाळी वर कोण चालतं, तर आम्ही तुला केव्हाच शोधलं असतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर हिला कळलं असतं की मला सगळं कळतं, आणि मग आवाज बंद झाले असते. तू दार उघडलं नाहीस ना, तसंच ते."

 मग सुनेने बहिणीकडे पाहिलं, प्रथमच.

"मी बाहेर उभी होते त्या दिवशी आत तुम्ही होता?"

"हो गं."

"मग थांबला का नाहीत?"

"घाबरले होते," बहीण म्हणाली.

"मी पण," सून म्हणाली.

ती उभीच होती. तिचे खांदे हलायला लागले, पण आवाज आला नाही. लाँड्रीवाली पुढे झाली आणि तिला धरलं. ती अंगाने अगदी हलकी झाली होती, वाळलेल्या चादरीसारखी. यावेळी ती चालली. भावाने चेंडू दाराच्या आत ठेवला, हाताने चाचपून, घरंगळणार नाही असा भिंतीला टेकवून. मग तो दिराच्या खांद्याला धरून उठला.

पहिल्या मजल्यावर आल्यावर बहीण थबकली. "रेडिओ बंद करून येते."

"मावशी, वेळ नाही."

"चालू ठेवून कसं जायचं?"

"राहू दे," भाऊ म्हणाला. "बॅटरी संपेल तेव्हा संपेल."

गाडी निघाली तेव्हा धुकं छतांच्या वर गेलं होतं. मागच्या आरशात लाँड्रीवालीला इमारत दिसत होती. गॅलऱ्यांत कपडे हलत होते, रेडिओवरची बाई बोलत होती. कुणी रस्त्याने आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे सगळे सुखात आहेत. बघायला हवं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ती बघत राहिली, शेवटी दीर म्हणाला, "वहिनी, पुढे बघा."

तात्पुरत्या पुलावर सून दांडीला धरून उठली आणि छोट्या खिडकीतून वरच्या पुलाकडे पाहू लागली. बहिणीने तिला खाली ओढायला हात पुढे केला, भावाने तो धरला. पूल संपेपर्यंत ती उभी होती.

*

सून थिएटरमध्ये फार दिवस राहिली नाही. तिची नणंद येऊन तिला घेऊन गेली. जाण्याआधी तिने बहिणीकडून मास्तरच्या सगळ्या खोड्या ऐकून घेतल्या, तिला माहीत नसलेल्याही. जाताना कुणाला काही म्हणाली नाही. पुढे तिचं काय झालं, ते लाँड्रीवालीला नीट कळलं नाही. एकदा निरोप आला होता, की ती खाते-पिते, पण जिना असलेल्या घरात राहत नाही.

बहीण थिएटरच्या आत आलेल्या माणसांचे फाटके कपडे शिवायला बसली. चारशे खुर्च्यांच्या त्या सभागृहात माणसं खोकायची, भांडायची, पोरं रडायची, आणि तिची दुपारची डुलकी मोडली की ती शिव्या घालायची. भाऊ तिला म्हणायचा, "हे आवाज कुणाचे? तू नाही ना केलेस?"

भावाला मात्र नुसतं बसवत नव्हतं. त्याने लाँड्रीवालीच्या नवऱ्याला सांगितलं की फोन उचलणं हे माझं काम आहे, तुमचा पाय बरा होईपर्यंत मला बसू द्या. पाय बरा झाला तरी तो तिथेच राहिला. रिसीव्हर कानाला लावून तो पत्ते तोंडपाठ करायचा, आणि लोक काय सांगतात त्यापेक्षा त्यांच्या मागे काय आवाज आहेत ते ऐकायचा. त्याच्यामुळे दोनदा तळघरात राहून गेलेली मुलं सापडली.

एका धुक्याच्या दिवशी लाँड्रीवाली चहाचा कप घेऊन खिडकीशी आली तेव्हा त्याने तिला थांब अशी खूण केली. तो बराच वेळ ऐकत होता. मग फोन खाली ठेवला.

"एक बाई आहे. रेल्वे फाटकापलीकडचं शेवटचं घर," तो म्हणाला. "म्हणते, ती एकटीच आहे."

"मग?"

"फोनवर बोलताना ती खुर्चीत बसलेली होती. खुर्ची करकरत होती. आणि तिच्यामागे कुणीतरी खोलीत फेऱ्या मारत होतं."

"नवरा असेल."

"तिने सांगितलं, नवरा गेला. आणि मी विचारलं, मागे कोण चालतंय, तर ती म्हणाली, कुणी नाही. खरं बोलत होती, असं वाटलं मला."

लाँड्रीवालीने कप खिडकीत ठेवला. "पावलं कसली होती? बूट?"

"अनवाणी," तो म्हणाला.

दीर गाडीपाशी काच पुसत उभा होता. तिने त्याला हाक मारली आणि किल्ली काढली.